परदेशातून निवृत्त होऊन सोलापुरात राहायला यायचंय? आधी एक मे महिना काढा

दर जानेवारीत मला असे फोन येतात. गड्ड्याच्या यात्रेला म्हणून पंधरा दिवसांची रजा काढून आलेली मंडळी असतात. सकाळी अंगावर शाल, दुपारी शेतात हुरडा आणि शेंगाचटणी, संध्याकाळी नंदीध्वजांची मिरवणूक, पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी. रात्री फोन येतो, "ताई, आम्ही पण आता कायमचेच येतो. जुळे सोलापुरात एक फ्लॅट बघितलाय, टोकन देऊन टाकू का?"

मी प्रत्येकाला एकच सांगते. टोकन देऊ नका. गुढीपाडव्याला या आणि मृग लागेपर्यंत राहा. त्यानंतरही यावंसं वाटलं तर कळवा, मी स्वतः तुमच्याबरोबर घरं बघायला येईन.

मी बाळीवेशीत वाढले. लग्नानंतर आम्ही दोघं न्यू जर्सीत एकोणतीस वर्षं होतो. २०१८ च्या ऑक्टोबरात परत आलो. आम्ही हा निर्णय डिसेंबरातल्या हवेत घेतला होता आणि तो पुढच्या मे महिन्यात आम्हाला फार महाग पडला. म्हणून हे सगळं लिहिते आहे. यातलं बरंचसं अमेरिकेहून येणाऱ्यांसाठी आहे. इंग्लंड आणि आखाताबद्दल जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलंय. ज्यांच्या जोडीदाराने सोलापूर आधी पाहिलेलंच नाही, त्यांनी तर हे दोघांनी मिळून वाचावं.

पहिलं काम: सर्वात वाईट दिवसांत राहून बघा

तिकडचं घर विकू नका, सामान बांधू नका. भावाकडे, मावशीकडे किंवा महिना-दोन महिन्यांपुरत्या भाड्याच्या घरात राहा. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळीशीच्या वर असतो आणि तो एखाद-दोन दिवस नव्हे, आठवडेच्या आठवडे तिथेच बसतो. हवा कोरडी असते. मुंबईसारखा घाम गळत नाही, त्यामुळे अंगातलं पाणी कधी कमी झालं ते कळत नाही.

आमची चूक सांगते. विजापूर रोडला चौथ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला. पश्चिमेला मोठी गॅलरी, तिथून सूर्यास्त दिसायचा. डिसेंबरात रोज चहा तिथेच. मेमध्ये डोक्यावरचा स्लॅब दिवसभर तापायचा आणि रात्री एक वाजेपर्यंत ती आग खाली सोडत राहायचा. गादीला हात लावला तरी गरम. एसी चालू, तरी भिंत गरमच. दीड वर्षात तो फ्लॅट विकला. मुद्रांक शुल्क, रंगकाम, फर्निचर सगळं पाण्यात गेलं. आता तळमजल्यावर राहतो. पश्चिमेच्या बाजूला शेजारच्यांची भिंत आहे आणि अंगणात कडुनिंब.

तेव्हा घर बघायला जाल ते मे महिन्यात, दुपारी चार वाजता. छताला हात पुरत नसेल तर पश्चिमेच्या भिंतीला आतून तळवा लावून बघा. वरचा मजला नको. पेठांमधली जुनी माळवदाची घरं अजून कुठे कुठे उभी आहेत. जाड भिंती आणि वर मातीचा थर, त्यामुळे आत पाऊल टाकलं की गार वाटतं. तसं घर वडिलोपार्जित असेल तर पाडून स्लॅब टाकायची घाई करू नका.

कोरड्या हवेचा एक फायदा म्हणजे इथे वाळ्याचा कूलर खरंच काम करतो. समुद्रकाठी त्याचा काही उपयोग नाही, इथे आहे. पण कूलर पाणी पितो, आणि पाणी हा इथला दुसरा धडा आहे.

पाण्याचा दिवस

सोलापूरला पाणी मुख्यतः उजनी धरणातून येतं. धरण भरलेलं असलं तरी नळाला रोज पाणी येईल असं धरून चालू नका. वर्षानुवर्षं इथे चार-पाच दिवसांआड पाणी हीच रीत आहे. भागाभागाचा दिवस आणि वेळ वेगळी. कधी पहाटे चार, कधी रात्री अकरा. चावीवाला कधी पाणी सोडतो, यावर गल्लीचा दिनक्रम ठरतो.

आमच्या शेजारी पद्मशाली, म्हणजे तेलुगू बोलणाऱ्या विणकर समाजातलं कुटुंब आहे, शहराच्या पूर्व भागातून इकडे राहायला आलेलं. त्या आजींना झोपेतही पाणी कळतं. आधी नळातून हवा येते, फुस्स फुस्स असा आवाज होतो, मग थोडं गढूळ पाणी, आणि मग धार. गढूळ पाणी कुंड्यांना घालायचं, ते संपेपर्यंत मोटार लावायची नाही. हे मला त्यांनी शिकवलं. पहिल्या वर्षी पहाटे त्या आमच्या खिडकीच्या गजावर किल्ली वाजवायच्या, "अक्का, नीळ्ळू!" तेलुगूत पाणी म्हणजे नीळ्ळू, हा माझा या वयात शिकलेला पहिला शब्द.

हिशोब असा करा. शहरी पाणीपुरवठ्यात माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. दोघांचे पाच दिवस म्हणजे १३५० लिटर. कूलर, पाहुणे, एखादी चुकलेली पाळी धरली तर जमिनीखालचा हौद कमीत कमी २००० लिटरचा हवा, गच्चीवर टाकी वेगळी. फ्लॅट घेत असाल तर सोसायटीला विचारा: हौद केवढा, बोअर किती खोल, मागच्या मेमध्ये किती टँकर मागवले? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सेक्रेटरीपेक्षा वॉचमन खरं देतो. बोअरचं पाणी जड असतं, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, गिझर लवकर खराब होतो. प्यायला आणि स्वयंपाकाला नळाचंच वापरा.

शॉवर सोडून बादलीवर यायला ह्यांना तीन महिने लागले. तुमच्या घरात हे कोणाला अजिबात जमणार नसेल तर ते आत्ताच, तिकडे असतानाच बोलून घ्या. मी पाहिलेल्या परत गेलेल्या तीन जोडप्यांपैकी दोन पाण्यामुळे गेली.

कुठे राहायचं

विजापूर रोड, सैफुल, जुळे सोलापूर, होटगी रोड इथे नवी वस्ती आहे, रस्ते रुंद आहेत, फिरायला जागा आहे. सात रस्ता, रेल्वे लाईन्स, लष्कर हे स्टेशनाजवळ आणि दवाखान्यांनाही जवळ. नवी पेठ, टिळक चौक, बाळीवेस, मंगळवार पेठ इथे पायी सगळं मिळतं, पण गाडी लावायला जागा नाही आणि सणाला गर्दी. माझं मत विचाराल तर सत्तरीच्या पुढच्यांनी बंगल्याच्या मोहात न पडता दवाखाना दहा मिनिटांवर आणि किराणा पायी अंतरावर असेल तिथे राहावं. पहिलं वर्ष अकरा महिन्यांच्या भाडेकरारावरच काढा.

आता कागदपत्रं, आणि ती याच क्रमाने

अमेरिकेचं किंवा इंग्लंडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड हवं, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड. जुना भारतीय पासपोर्ट रीतसर परत केल्याचा दाखला लागतो, तो नसेल तर तिथूनच सुरुवात करा. ओसीआयवर आयुष्यभर कितीही वेळा येता येतं, घर किंवा फ्लॅट घेता येतो. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, फार्महाऊसही नाही. पन्नाशी ओलांडल्यावर नवा परदेशी पासपोर्ट निघाला की एकदा तो तीन महिन्यांत ओसीआयच्या पोर्टलवर चढवावा लागतो. हे फार जण विसरतात. ज्यांच्याकडे फक्त ग्रीन कार्ड आहे त्यांनी लक्षात ठेवावं की वर्षभराहून जास्त बाहेर राहिलं तर ते कार्ड जायची वेळ येते. आखातातून येणारे बहुतेक भारतीय नागरिकच असतात, त्यांना यातलं काहीच नको.

बार्शी, मोहोळ, अक्कलकोटकडे वडिलांची शेती असेल तर ती वारसाहक्काने तुमच्याकडे येऊ शकते, ओसीआय असलात तरी. पण सातबाऱ्यावर नाव आहे का ते बघा. आमच्याकडे वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि वारसनोंद झालेलीच नव्हती. तलाठ्याकडे अर्ज, मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, मग फेरफार. भावंडं एका गावात असताना हे काम करून घ्या. नंतर एकेक सही गोळा करताना वर्षं जातात.

पॅन कार्ड आधीच काढा. आधारसाठी मात्र थांबावं लागतं. ओसीआयवाल्यांना मागच्या बारा महिन्यांत १८२ दिवस इथे राहिल्यावर ते मिळतं. तोवर बँक, मोबाईल, गॅस सगळीकडे पासपोर्ट आणि ओसीआयच्या प्रती लागतात. वीस-पंचवीस प्रती काढून पिशवीतच ठेवा.

पैसा: ऑक्टोबरात या, आणि दोन वर्षं हातात धरा

हा भाग नीट वाचा, कारण इथे नुकसान लाखांत होतं.

भारतात कर लागतो तो तुम्ही इथे किती दिवस राहिलात यावर. आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. कायमचं यायचं ते ऑक्टोबरनंतर आलात तर त्या वर्षात १८२ दिवस भरत नाहीत आणि बहुतेकांचं ते वर्ष अनिवासी म्हणूनच जातं. साठ दिवसांचा एक वेगळा नियम आहे, तो मागच्या चार वर्षांतल्या तुमच्या मुक्कामावर अवलंबून असतो. म्हणून भारतात आल्या-गेल्याच्या सगळ्या तारखा लिहून सीएकडे न्या.

त्यानंतर साधारण दोन वर्षं एक मधला दर्जा मिळतो. मागच्या दहांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी असाल, किंवा मागच्या सात वर्षांत इथे ७२९ किंवा त्याहून कमी दिवस राहिला असाल, तर तुमच्या परदेशातल्या उत्पन्नावर इथे कर लागत नाही. ही दोन वर्षं मी निर्णयाची मुदत मानते. तिकडचं घर ठेवायचं की विकायचं, शेअर विकायचे का, हे याच काळात ठरवा. मुदत संपली की जगभरातलं उत्पन्न इथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं आणि परदेशातल्या खात्यांची, मालमत्तेची यादीही द्यावी लागते.

आल्यावर एनआरई खातं, म्हणजे अनिवासी भारतीयांचं इथलं रुपयांतलं खातं, तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात किंवा परकीय चलनाच्या आरएफसी खात्यात बदलायचं असतं. एफसीएनआर, म्हणजे अनिवासी असताना परकीय चलनात ठेवलेली ठेव मुदतीपर्यंत राहू शकते. आम्हाला एका शाखेत "राहू द्या हो, कोण बघतंय" असं सांगितलं होतं. आम्ही ऐकलं, आणि पुढे दोन वर्षांच्या व्याजाचं विवरण दुरुस्त करून भरावं लागलं. तोंडी सल्ल्यावर जाऊ नका.

अमेरिकी नागरिकाची सोशल सिक्युरिटी इथे राहिलं तरी चालू राहते. दोन देशांमधल्या करारानुसार तिच्यावर कर लावायचा हक्क अमेरिकेचाच आहे, इथे नाही. अमेरिकेचं विवरणपत्र मात्र आयुष्यभर भरावं लागतं. सगळ्या भारतीय खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. आणि इथले म्युच्युअल फंड घेऊ नका. अमेरिकी कायद्यात परदेशी फंडांना फार जाचक नियम आहेत. पुतण्या कितीही आग्रह करो, साध्या मुदत ठेवीत ठेवा.

इंग्लंडहून येणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावं: तिथलं सरकारी पेन्शन भारतात मिळतं, पण दरवर्षीची वाढ मिळत नाही. ज्या आकड्यावर येता, त्यावरच ते थांबतं. वीस वर्षांनी त्या रकमेत काय येईल, याचा विचार करूनच हिशोब मांडा. आखातातून येणाऱ्यांना बहुधा पेन्शन नसतं, एकरकमी ग्रॅच्युइटी मिळते. ती बंगल्यात घालू नका.

खर्चाचं विचाराल तर आमच्या वहीत दोघांचा महिना साधारण ५५ हजारांच्या आसपास जातो. त्यात भाडं नाही, औषधं आणि विम्याचा हप्ता नाही. भाजी, दूध, स्वयंपाकाच्या ताई, धुणंभांडी, वीज, रिक्षा, पेपर, वर्गणी, आहेर सगळं आलं. उन्हाळ्याचे तीन महिने वीज दुपटीहून जास्त येते. अमेरिकेच्या मानाने हे काहीच नाही. पण पुतण्याच्या लग्नात, शाळेच्या देणगीत, कोणाच्या ऑपरेशनला तुमच्याकडून जी अपेक्षा असते, तिचा वेगळा कप्पा ठेवा. द्यायचं असेल तेवढं आनंदाने द्या, आणि वर्षाचा आकडा आधी ठरवा.

दवाखाना

डॉक्टरांच्या बाबतीत सोलापूर लहान गाव नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, सहकारी तत्त्वावर उभं राहिलेलं अश्विनी रुग्णालय आहे, खासगी दवाखाने पुष्कळ आहेत. धाराशिव, लातूर, विजापूर, कलबुर्गीकडचे रुग्ण इथे येतात. फार गुंतागुंतीचं असेल तर लोक पुणे किंवा हैदराबाद गाठतात.

मेडिकेअर, म्हणजे अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, भारतात चालत नाही. तरी पहिली दोन वर्षं त्याचा ब भाग (पार्ट बी) हप्ता भरून चालू ठेवा, असं माझं सांगणं आहे. बंद करून परत घ्यायचा झाला तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता १० टक्क्यांनी चढतो, आणि परत जावं लागणार नाही हे पहिल्या दोन वर्षांत कोणी सांगू शकत नाही. इंग्लंडची आरोग्यसेवा तिथे राहण्यावर अवलंबून असते. मुक्काम हलला की हक्कही जातो.

इथला आरोग्य विमा मात्र येण्याच्या तीन वर्षं आधी काढा. आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, ती वर्षं तिकडे नोकरीत असतानाच जाऊ द्या. मधुमेह, रक्तदाब, जुनी अँजिओप्लास्टी सगळं अर्जात लिहा, एजंटाने नको म्हटलं तरी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावर जीएसटी लागत नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे.

ऊन आणि गोळ्या यांचा मेळ डॉक्टरांकडून घालून घ्या. पहिल्या मेमध्ये नवी पेठेत चादरीच्या दुकानात उभे असताना ह्यांना चक्कर आली. दुकानदाराने खुर्ची दिली, मीठ-साखरेचं पाणी दिलं. रक्तदाबाच्या गोळ्यांमधली एक लघवी वाढवणारी होती. न्यू जर्सीच्या थंडीत ठरवलेली ती मात्रा सोलापूरच्या उन्हात जास्त होत होती. डॉक्टरांनी ती बदलून दिली. आता दर मार्चमध्ये आम्ही गोळ्यांची चिठ्ठी घेऊन जातोच. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर काय, याची तयारी हवी. कोरड्या हवेत ओला ठेवलेला मातीचा माठ चांगला गार राहतो. डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून त्यात ठेवता येते.

जाणं-येणं

मुंबई–सोलापूर वंदे भारत १० फेब्रुवारी २०२३ ला सुरू झाली, पुण्याला तीन-साडेतीन तासांत जाता येतं. हुतात्मा, सिद्धेश्वर या जुन्या गाड्या आहेतच. नातवंडांनी हुतात्मा नाव का असं विचारलं तर सांगा: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे, या सोलापूरच्या चौघांना इंग्रजांनी १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत २०२० पासून बंद आहे. एसटीत ६५ नंतर अर्धं तिकीट आणि ७५ पूर्ण झाल्यावर मोफत, बायकांना कुठल्याही वयात अर्धं. आधार लवकर काढायचं हे आणखी एक कारण. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर सकाळी निघून संध्याकाळी परत.

माणसं

इथे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू एकाच रिक्षात ऐकू येतात. नवीन माणसाला कोणी परकं ठेवत नाही, पण चौकशी मात्र भरपूर होते. पेन्शन किती, मुलगा का नाही आला, घर कितीला घेतलं. रागावू नका. ज्यांनी ते विचारलं तेच पहाटे पाण्याला उठवतात, तेच दवाखान्यात डबा घेऊन येतात. पहिल्या महिन्यात एक काम लावून घ्या: वाचनालय, भजनी मंडळ, सिद्धेश्वर तलावाकाठचं सकाळचं फिरणं, काहीही. माझी एक मैत्रीण टेक्सासहून आली आणि चार महिने घरातच बसली, मोबाईलवर तिकडच्या मैत्रिणींशी बोलत. तिला सोलापूर आवडलं नाही, कारण ती सोलापुरात आलीच नव्हती. नंतर ती शेजारच्या मुलींना गणित शिकवायला लागली, आणि आता तिला दुपारी फोन केला तर उचलत नाही.

मृत्युपत्र इथल्या मालमत्तेसाठी इथे वेगळं करा, आणि त्याची प्रत मुलांकडे तिकडे ठेवा. सगळ्या खात्यांना नॉमिनी लावा. दोघांपैकी एकजण गेल्यावर दुसऱ्याने इथेच राहायचं की मुलांकडे जायचं, हे दोघं असतानाच बोला. आम्ही एका रात्री वीज गेली असताना अंगणात खाटेवर बसून बोललो, आणि दुसऱ्या दिवशी मी ते कागदावर लिहून मुलाला पाठवलं.

सामान थोडंच आणा. अमेरिकेतली विजेची उपकरणं १२० व्होल्टची, इथे २३० आहे, म्हणजे मिक्सर, ओव्हन, टोस्टर तिकडेच देऊन टाका. चष्म्याची, दातांची, हाडांची जुनी कागदपत्रं मात्र सगळी आणा, कागदावर छापून. रजया-ब्लँकेटं आणू नका. सोलापुरात चादर बाहेरून कोणी आणत नाही.